काचेच्या समुद्रातला रक्तबीज



रक्तबीजाची कथा तुम्ही आजीच्या तोंडून कधीतरी ऐकली असेल. त्या राक्षसाच्या रक्ताचा एक थेंब जमिनीवर पडला, की त्यातून तसाच दुसरा राक्षस उभा राही. शस्त्र जितके जोरात चालवावे तितके शत्रू वाढत. आज आपण ज्या प्राण्याची ओळख करून घेणार आहोत, तो जेमतेम तुमच्या बोटाएवढा. त्याला ना हाड, ना डोळे, ना मेंदू. पण त्याच्याशी लढताना जगभरचे हौशी मत्स्यपालक अगदी याच पेचात सापडतात. चिमट्याने चिरडावा, पात्याने खरवडून काढावा, आणि काही दिवसांनी पाहावे तर त्या जागी एकाऐवजी अनेक पिले डोलत असतात!

हा प्राणी म्हणजे एक लहानसे समुद्रफूल. इंग्रजीत त्याला सी ॲनिमोन म्हणतात. नावात फूल असले तरी ही वनस्पती नव्हे. तुमच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातील हायड्रा, समुद्रातील जेलीफिश आणि पोवळी तयार करणारे प्रवाळ यांचा हा जवळचा नातलग आहे. समुद्रफुले शेकडो प्रकारची असतात. आपले आजचे पात्र आहे एप्टेशिया. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्याचे नाव एक्झाएप्टेशिया असे केले आहे, पण टाकी बाळगणारे लोक अजून जुनेच नाव घेतात, तेव्हा आपणही तेच वापरू.

तो टाकीत येतो कसा, हे समजण्यासाठी आधी ती टाकी समजून घ्यायला हवी.

समुद्राचा तुकडा घरात

गोड्या पाण्यातले मासे तुमच्यापैकी अनेकांनी पाळले असतील. खाऱ्या पाण्याची टाकी हे प्रकरण मात्र निराळे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे मीठ पाण्यात घालणे सोपे आहे. कठीण आहे ती पुढची गोष्ट. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो व तो माशांना विषारी असतो. खुल्या समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत तो जाणार कोठे?

इंडोनेशियातील जकार्ता येथे राहणाऱ्या ली चिन एंग या गृहस्थाने या प्रश्नाचे एक साधे उत्तर शोधले आणि १९६१ साली एका अमेरिकन मासिकात ते प्रसिद्ध केले. त्याने यंत्रे आणि गाळण्या यांवर भर दिला नाही. समुद्रातलेच पाणी, समुद्रातलीच वाळू आणि प्रवाळभित्तीवरचे दगड त्याने टाकीत ठेवले आणि हवेचे बुडबुडे सोडले. मासे जगले. पुढे जर्मनीतील, विशेषतः बर्लिनच्या, हौशी मंडळींनी ही पद्धत सुधारली आणि ती जगभर पसरली.

या दगडांना 'जिवंत खडक' असे नाव पडले. खरे तर खडक मुळीच जिवंत नसतो. तो मेलेल्या प्रवाळांच्या चुनखडी सांगाड्याचा, स्पंजासारखा सच्छिद्र तुकडा असतो. जिवंत असतात ते त्याचे भाडेकरू. पृष्ठभागावरचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. खडकाच्या आतल्या भागात, जेथे प्राणवायू फारसा पोहोचत नाही तेथे, दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्रेटमधून नायट्रोजन वायू मोकळा करतात आणि तो बुडबुड्यांवाटे हवेत निघून जातो. थोडक्यात, टाकीतील जिवंत खडक म्हणजे पगार न घेणारे सफाई खाते.

हा खडक बरीच वर्षे फिजीसारख्या बेटांवरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यांत भरून विमानाने युरोप-अमेरिकेत जात असे. त्यामुळे प्रवाळभित्तींची हानी होते हे दिसू लागल्यावर ठिकठिकाणी बंधने आली. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या समुद्रातून नैसर्गिक खडक काढणे १९९० च्या दशकात बंद झाले आणि तेथे साधे चुनखडीचे दगड समुद्रतळाशी ठेवून त्यांवर जीवसृष्टी 'पिकवण्याचा' धंदा सुरू झाला. आपल्याकडे तर २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे. वाघाला जे संरक्षण तेच मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या प्रवाळाला. तेव्हा सहलीला जाऊन प्रवाळाचा तुकडा तोडून आणण्याचा विचारही मनात आणू नका.

आता तुमच्या लक्षात आले असेल. खडकाबरोबर त्याचे भाडेकरू येतात. मग ज्यांना बोलावले नाही तेही येणारच. काटेरी कृमी, लहान खेकडे, कधी ठोसा मारून शिंपला फोडणारा मँटिस झिंगा. (त्या ठोशाचे भौतिकशास्त्र फार मजेचे आहे, पण ते पुन्हा केव्हातरी.) यांतले बरेचसे पाहुणे निरुपद्रवी, काही तर उपयोगी असतात. एप्टेशिया मात्र मुक्कामाला येतो तो घर बळकावण्याच्याच इराद्याने.

पायाच्या तुकड्यातून वंश

एक मऊ, पोकळ नळी डोळ्यांसमोर आणा. तिचे खालचे टोक म्हणजे चिकटून बसणारी तबकडी, तिला आपण पाय म्हणू. वरच्या टोकाला मधोमध तोंड आणि भोवती पारदर्शक, तपकिरी झाक असलेल्या बारीक शुंडकांचा झुपका. तोंड आणि गुदद्वार वेगळे नसते. जेथून घास आत जातो तेथूनच उरलेला चोथा बाहेर येतो. जरा धक्का लागला, की सारा पसारा आवरून हा प्राणी खडकाच्या छिद्रात गडप होतो. ओहोटीच्या वेळी रत्नागिरी, मालवण किंवा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांत निरखून पाहिलेत, तर त्याचे इतर भाऊबंद तुम्हाला दिसतील. बोट लावू नका, नुसते पाहत बसा. पाणी स्थिर झाले की मिटलेले फूल हळूहळू उमलते.

एप्टेशियाची खुबी त्याच्या पायात आहे. तो खडकावर अगदी सावकाश सरकतो आणि सरकताना पायाच्या कडेचे बारीक तुकडे मागे राहून जातात. प्रत्येक तुकड्यातून काही दिवसांत तोंड, शुंडके, पाय असे सर्व अवयव असलेले नवे समुद्रफूल तयार होते. नर नको, मादी नको, बी नको. आता विचार करा: तुम्ही त्याला पात्याने खरवडले तर काय होईल? तो स्वतःहून दोन-चार तुकडे टाकणार होता, तुम्ही त्याला वीस तुकडे करून दिलेत! वर पंपाच्या प्रवाहाने ते टाकीभर पेरले गेले.

थोडे गणित करून पाहू. समजा, एका टाकीतील एप्टेशियांची संख्या दर पंधरवड्याला दुप्पट होते. सहा महिन्यांत, म्हणजे २६ आठवड्यांत, १३ वेळा दुप्पट. एकापासून सुरुवात केली तर २ चा १३ वा घात, म्हणजे ८,१९२. प्रत्यक्षात जागा आणि अन्न अपुरे पडते म्हणून वाढ मंदावते, पण सुरुवातीचे काही महिने ही भूमितीय वाढ खरोखरच दिसते. समुद्रात असे का होत नाही? तेथे त्याला खाणारे अनेक आहेत, आणि जागेसाठी भांडणारेही. काचेच्या टाकीत शत्रू नाही, लाटा नाहीत, वर दिवा आहे आणि मालक हौसेने माशांना गरजेपेक्षा जास्त खाऊ घालतो आहे. ऐषारामच म्हणायचा!

पण तो वाढला तर बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. बिघडते असे, की टाकीत मालकाने निगुतीने वाढवलेली प्रवाळे असतात. ती जागा सोडून पळू शकत नाहीत. शेजारी एप्टेशिया येऊन बसला, की प्रवाळाची ती कडा मिटू लागते, मग पांढरी पडते आणि मरते. हे घडते एका शस्त्रामुळे. ते शस्त्र असे आहे, की भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्यापाशी थोडे थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

बंदुकीहून वेगवान

समुद्रफुलाच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत एक सूक्ष्म कुपी आणि कुपीत गुंडाळी करून ठेवलेली पोकळ दोरी. पेशीला स्पर्श झाला की कुपीचे झाकण उघडते आणि दोरी उलटी होऊन भाल्यासारखी बाहेर पडते, भक्ष्याच्या त्वचेत शिरते आणि विष सोडते. एप्टेशियाजवळ याखेरीज पांढऱ्या धाग्यांचा एक साठा असतो. या धाग्यांत दंशकुपी ठासून भरलेल्या असतात. त्याला डिवचले, की शरीराच्या भिंतीतील बारीक भोकांतून हे धागे बाहेर फेकले जातात.

ही दोरी किती वेगाने सुटते? वर्षानुवर्षे हे मोजताच येत नव्हते, कारण क्रिया संपण्याच्या आत कॅमेऱ्याचे एक चित्रही पुरे होत नसे. २००६ मध्ये थॉमस होल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत हायड्राच्या दंशकुपीचे चित्रण केले. त्यांचा कॅमेरा सेकंदाला चौदा लाखांहून अधिक चित्रे घेणारा होता. दिसले ते असे, की भाल्याचे टोक बाहेर पडायला अवघे ७०० नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. टोकाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ५४ लाख पट भरले!

ही संख्या किती मोठी आहे ते तुम्हीच ताडून पाहा. समजा, बंदुकीची गोळी ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीतून जाताना शून्यापासून सेकंदाला ८०० मीटर इतका वेग घेते. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागा. त्वरण येते सुमारे ५,३३,००० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ५४ हजार पट. दंशकुपीचे त्वरण याच्या शंभर पट आहे. मात्र वेग म्हणाल तर सेकंदाला जास्तीत जास्त १८-१९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर. आपली एस.टी. मोकळ्या रस्त्यावर तेवढी पळते! वेग साधा आणि त्वरण अचाट, हे एकाच वेळी कसे? कारण हा वेग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या अंतरात गाठायचा असतो. टोक इतके अणकुचीदार असते, की बल नगण्य असूनही दाब सात अब्ज पास्कलपर्यंत जातो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ७० हजार पट. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही आठवीत शिकलात ना? छेद अतिशय लहान झाला, की भागाकार असा फुगतो.

आणि या बंदुकीची दारू कोणती? पाणी! मनुका पाण्यात घातल्यावर टम्म फुगते, हा परासरणाचा प्रयोग तुम्ही घरी करून पाहू शकता. कुपीत विशिष्ट रेणू आणि आयन इतके दाटीने भरलेले असतात, की बाहेरचे पाणी आत ओढले जाऊन सुमारे १५० वातावरणांचा दाब तयार होतो. समुद्रात दीड किलोमीटर खोल गेल्यावर जितका दाब असेल तितका हा दाब, मिलिमीटरच्या काही सहस्रांश मापाच्या कुपीत! कुपीची भिंत ताणलेल्या स्प्रिंगसारखी ही ऊर्जा साठवून बसलेली असते. ही मोजमापे हायड्राची आहेत, पण यंत्रणा सर्व समुद्रफुलांत याच जातीची आहे.

चुन्याची निवळी

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय असा, की करू नये ते करू नये. वैतागलेला मालक म्हणतो, काढा तो खडक बाहेर आणि टाका उकळत्या पाण्यात. मित्रांनो, हे फार धोक्याचे आहे. एक तर खडकातील सफाई करणारे जीवाणू मरतात आणि तो खडक परत टाकीत ठेवला तर मेलेल्या जिवांमुळे अमोनिया उसळतो. पण खरा धोका माणसाला आहे. जिवंत खडकावर कधीकधी पॅलिथोआ नावाच्या प्राण्यांची बसकी वसाहत असते. त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे विष असते. १९७१ मध्ये हवाई बेटांवरील प्राण्यांतून ते प्रथम वेगळे केले गेले. निसर्गातील अतिजहाल विषांत त्याची गणना होते. खडक उकळताना निघालेल्या वाफेतून हे विष श्वासात जाऊन घरातील सर्व माणसांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. एका बोटभर प्राण्यासाठी हा सौदा परवडणारा नव्हे.

सगळा खडक उकळण्याऐवजी उकळते पाणी सिरिंजमध्ये भरून फक्त त्या प्राण्यावर सोडले तर? ही कल्पना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चांगली आहे. ५ मिलिलिटर उकळते पाणी २०० लिटरच्या टाकीत मिसळले, तर टाकीचे तापमान अंशाच्या सुमारे दोन सहस्रांशाने वाढते. माशांना पत्ताही लागत नाही. अडचण इतकीच, की बारीक सुईतून जाताना पाणी झपाट्याने निवते आणि प्राण्यापर्यंत पोहोचते तोवर त्यातला दम गेलेला असतो.

याहून चांगला उपाय तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. फुंकर मारल्यावर दुधाळ होणारी चुन्याची निवळी आठवते? टाकीवाले तिला काल्कवासर या जर्मन नावाने ओळखतात. हे काहीतरी परदेशी औषध असेल असे वाटते, पण अर्थ एवढाच: चुन्याचे पाणी. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो, तर चुन्याच्या संपृक्त निवळीचा सुमारे १२.४. फरक दिसतो चारच अंकांचा, पण सामूची पट्टी घातांकाची असल्यामुळे निवळीतील हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण पंधरा-वीस हजार पट होते. नाजूक पेशींची आवरणे त्याने विरघळतात. चुना निवडण्याचे आणखी एक कारण मला फार आवडते. उरलेला चुना टाकीला परका नाही. त्याचे कॅल्शियम प्रवाळांना सांगाडा बांधायला हवेच असते, आणि हायड्रॉक्साइड पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट बनते. तुमच्या परीक्षानळीतला दुधाळपणा तो हाच. अर्थात एकाच वेळी जास्त चुना पडला तर साऱ्या टाकीचा सामू चढतो आणि मासेही दगावतात, म्हणून एका दिवशी चार-पाच प्राणीच गाठायचे.

युक्ती आहे ती देण्याच्या पद्धतीत. पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे. चुना दाट, दह्यासारखा कालवून सिरिंजमध्ये घ्यावा. समुद्रफूल पूर्ण उमललेले असताना सिरिंज सावकाश जवळ न्यावी, सुई टोचू नये, आणि चुना तोंडावर अलगद सोडावा. त्याला वाटते घास आला. तो गिळतो आणि आतून भाजला जातो. घाईने टोचले, की तो छिद्रात ओढला जातो, पायाचे तुकडे टाकतो, आणि पुढचे तुम्हाला ठाऊक आहेच. चुन्याने डोळा जाऊ शकतो, म्हणून हे काम मोठ्या माणसाने चष्मा आणि हातमोजे घालूनच करायचे असते. काही जण निळ्या लेसरने समुद्रफुले जाळतात. पण काचेवरून परावर्तित झालेला तसा किरण डोळ्याच्या पडद्याला क्षणार्धात कायमची इजा करतो. लेसरचे सामर्थ्य वर्गात शिकवणारा माणूस म्हणून मी सांगेन, घरात ही करामत नको.

एवढे करूनही चुन्याची लढाई बहुधा हरली जाते. का, ते वरच्या गणितातच आहे. समजा, १०० पैकी ९० मारले. छिद्रांत लपलेले १० उरले. पंधरा दिवसांनी २०, महिन्याने ४०, दीड महिन्याने ८०. दोन महिने पुरे होण्याच्या आत संख्या पुन्हा शंभरावर! शत्रू जर भूमितीय श्रेणीने वाढत असेल, तर त्याच्यामागे छिद्रात शिरणारा आणि रात्रंदिवस न थकणारा शिपाई हवा.

रक्त जमिनीवर पडू न देणारी

कथेत शेवटी कालीने काय केले? रक्ताचा थेंब खाली पडण्याच्या आतच ती तो पिऊन टाकी. टाकीतील काली म्हणजे बर्घिया नावाची, शंख नसलेली, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची समुद्री गोगलगाय. हिचे अन्न एकच: एप्टेशिया. प्रवाळांना ती तोंड लावत नाही. रात्री निघते, समुद्रफुलाच्या अंगाला भिडते आणि त्याला खाऊन टाकते.

तुम्ही म्हणाल, त्या दंशकुपींचे काय? येथे निसर्गाने कमाल केली आहे. न फुटलेल्या काही कुपी ही गोगलगाय पचवत नाही. त्या तिच्या आतड्यातून पाठीवरच्या बोटांसारख्या उपांगांच्या टोकांपर्यंत पोहोचवल्या जातात आणि तेथे साठवल्या जातात. पुढे एखाद्या माशाने तिला चावले, तर एप्टेशियाच्या चोरलेल्या बंदुका त्याच्या तोंडात सुटतात!

याशिवाय पेपरमिंट कोळंबी, लांब चोचीचा फुलपाखरू मासा, चटईसारखा ठिपकेदार फाइलफिश असे इतरही खाणारे आहेत. पण त्यांचा भरवसा नाही. कोळंबीच्या दिसायला सारख्या अनेक जाती आहेत आणि दुकानात भलतीच गळ्यात पडते. तिच्यासारखीच दिसणारी एक उंटकोळंबी तर प्रवाळच खाते. माशांचे म्हणाल तर एखादा एप्टेशिया खातो, एखादा ढुंकूनही पाहत नाही, आणि एखादा एप्टेशिया संपल्यावर प्रवाळांकडे वळतो.

बर्घियाचीही एक करुण बाजू आहे. तिला दुसरे काहीच खाता येत नसल्यामुळे शेवटचा एप्टेशिया संपला की तिची उपासमार सुरू होते. समंजस हौशी लोक त्या आधीच तिला गोळा करून, ज्याच्या टाकीत अजून एप्टेशिया आहेत अशा मित्राकडे पोहोचवतात. एकाची कीड ती दुसऱ्याची शिधासामग्री, असा हा व्यवहार चालतो. काही जण तर तिच्यासाठी वेगळ्या टाकीत मुद्दाम एप्टेशिया वाढवतात.

प्रयोगशाळेतला मानाचा पाहुणा

मुद्दाम एप्टेशिया वाढवणारे आणखी एक ठिकाण आहे, आणि तेथे त्याची बडदास्त पाहून टाकीवाल्याला भोवळच येईल. ते ठिकाण म्हणजे प्रवाळांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा.

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अवघ्या एक अंशाने वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले, तर ही भागीदारी मोडते. शैवले बाहेर पडतात, प्रवाळ पांढरे पडते आणि पुष्कळदा उपासमारीने मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांनी हा तडाखा सोसला. अशी जागतिक पातळीवरची चौथी आपत्ती सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. भागीदारी नेमकी मोडते कशी, हे पाहायचे तर प्रवाळ हा फार गैरसोयीचा प्राणी आहे. तो सावकाश वाढतो, त्याचा दगडी सांगाडा सूक्ष्मदर्शकाच्या आड येतो, आणि शैवले काढून घेतली की तो मरतो.

एप्टेशियाच्या अंगातही तशीच शैवले असतात. त्याची तपकिरी झाक त्यांचीच. पण त्याला सांगाडा नाही, तो भराभर वाढतो, आणि शैवले गेली तरी मरत नाही. थंड पाण्याचा धक्का देऊन किंवा मेंथॉल वापरून त्याची शैवले काढून टाकतात, मग त्याला अंधारात ठेवून बारीक झिंग्यांची पिले भरवतात. तो पांढराफटक होतो, पण मजेत जगतो. (म्हणूनच टाकीवर काळे कापड टाकून त्याला मारण्याची युक्ती फसते.) पुढे त्याला पुन्हा शैवले दिली, की ती पेशींत कशी शिरतात, कोणती जात स्वीकारली जाते आणि कोणती नाकारली जाते, हे पायरीपायरीने पाहता येते. २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. त्यात सुमारे २६ कोटी अक्षरजोड्या आहेत.

अशा कामासाठी सर्व नमुने जनुकांनी अगदी एकसारखे असावे लागतात, नाहीतर फरक पाण्याचा की प्राण्याचा हे कळत नाही. येथे पायाचे तुकडे टाकण्याची ती खोड कामी येते. सीसी-७ या नावाचा एक वंश आज निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत वाढवला जातो. हजारो समुद्रफुले, पण सगळी एकाच मूळ प्राण्याच्या पायाच्या तुकड्यांतून आलेली.